डांबर संपल्यावर गाडीचा विमा कुठपर्यंत?

ऑक्टोबर सरत आला, उकाडा ओसरला की आपल्या बातिना किनाऱ्यावरील मराठी घरांत सहलींचे बेत सुरू होतात. खाबुऱ्यात राहणाऱ्यांना तर फार दूर जावेच लागत नाही. गावाच्या मागे हजर पर्वताची रांग उभी आहे आणि वादी हवासिनाच्या वाटेने डोंगरात शिरता येते. कोणी जेबेल अखदर चढतो, कोणी रुस्ताकच्या बाजूने वादी बनी औफच्या कच्च्या घाटात गाडी घालतो, तर कोणी थेट शर्किया वाळवंटात, म्हणजे जुन्या मंडळींच्या वहिबा सँड्समध्ये, रात्र काढून येतो. त्यात पुण्या-मुंबईहून पाहुणे आले असतील तर वाळूची सहल ठरलेलीच.

निघण्याच्या आदल्या रात्री याद्या होतात. पाण्याचे कॅन, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुलांच्या टोप्या, हवा भरण्याचा पंप, ओढायची दोरी. विम्याचा विषय निघालाच तर तो चार शब्दांत संपतो : "फुल इन्शुरन्स आहे ना!" या चार शब्दांत नेमके काय येते आणि काय येत नाही, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी विमा विकत नाही आणि कोणत्याही कंपनीची शिफारसही करणार नाही. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. त्यामुळे 'ही अट खरी असेल तर अमुक, नाहीतर तमुक' अशा पद्धतीने कागद वाचायची सवय लागली आहे. विम्याची पॉलिसी ही अशा अटींची साखळीच असते. पहिल्या पानावरची रक्कम सगळे वाचतात, पण खरे उत्तर चौथ्या-पाचव्या पानावरच्या अपवादांत असते.

विमा कशासाठी घ्यायचा?

आपल्या खिशाला पेलणार नाही अशा नुकसानीसाठी विमा घ्यायचा. बंपर फुटला, आरसा तुटला, दार चेपले, तर वाईट वाटते. पण त्याने संसार मोडत नाही. याउलट आपल्या गाडीने दुसऱ्याचा जीव गेला, गाडी उलटून घरातल्या माणसाच्या मणक्याला इजा झाली किंवा कर्ता माणूसच अंथरुणाला खिळला, तर ते नुकसान महिन्याच्या पगारातून भरून निघत नाही.

म्हणून माझ्या मते क्रम असा हवा : आधी दुसऱ्याचा जीव, मग आपल्या माणसांचे शरीर, मग गाडी आणि शेवटी गाडी वाळूतून बाहेर काढण्याचा खर्च. आपण बहुतेकजण हा क्रम उलटा लावतो. एजन्सी रिपेअर मिळेल का, हा आपला पहिला प्रश्न असतो. मागच्या सीटवर बसलेल्या आईला काही झाले तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

पॉलिसीचे तीन मजले

पहिला मजला थर्ड पार्टीचा. ओमानमध्ये मोटार विम्याचा कायदा १९९४ सालच्या ३४/९४ या शाही फर्मानाने आला. थर्ड पार्टी विम्याशिवाय मुल्कियाचे नूतनीकरण होत नाही, हे आपल्याला दरवर्षी अनुभवाने माहीत आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या जिवाचे किंवा मालमत्तेचे जे नुकसान होते त्याची भरपाई या मजल्यावर होते. अपघाती मृत्यूची 'दिया', म्हणजे मृताच्या वारसांना द्यायची भरपाई, येथे २००८ सालापासून १५,००० ओमानी रियाल आहे. आजच्या दराने हे तीस लाख रुपयांच्या वर जाते. शरीराच्या इजेसाठीही भरपाई ठरते. विमा नसेल, किंवा आपल्या चुकीमुळे कंपनीने दिलेली रक्कम आपल्याकडून परत मागितली, तर हा भार थेट आपल्यावर येतो. परवाना नसलेल्याच्या हाती चाके देणे किंवा मद्य पिऊन चालवणे ही अशा वसुलीची नेहमीची कारणे होत.

इथे भारताशी तुलना करून गल्लत होऊ देऊ नये. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली तिसऱ्या व्यक्तीच्या मृत्यूची वा इजेची भरपाई न्यायाधिकरण मृताचे वय आणि उत्पन्न पाहून ठरवते. इथले गणित दियेच्या भोवती फिरते. तिकडच्या एजंट मित्राचा सल्ला इकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरा मजला म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो तो. यात आपल्या स्वतःच्या गाडीचे अपघात, आग, चोरी यांनी झालेले नुकसान येते. रस्त्यात आडव्या आलेल्या उंटाला धडकून गाडीचा चुराडा झाला, तर फक्त थर्ड पार्टी असलेल्या मालकाला स्वतःच्या विमा कंपनीकडून गाडीसाठी काही मिळत नाही. फुल इन्शुरन्सवाल्याला मिळते.

तिसरा मजला हा या लेखाचा विषय : ऑफ-रोड, म्हणजे डांबर सोडल्यानंतरचे संरक्षण. अनेक पॉलिसींत ते मूळ हप्त्यात नसते. ते वेगळे मागावे लागते, त्यासाठी थोडा जादा हप्ता पडतो आणि ते सहसा फोर बाय फोर गाडीलाच मिळते. साध्या सेडान गाडीने कच्च्या वाटेवर जाऊन खालची ऑइलची टाकी फोडून घेतली तर कंपनी हात वर करू शकते. जेबेल अखदरच्या पायथ्याशी, बिरकत अल मौजजवळच्या चौकीवर, पोलीस फोर बाय फोर नसलेल्या गाडीला वर सोडत नाहीत. तिथे रस्ता डांबरी असूनही ही काळजी घेतली जाते, तेव्हा विमा कंपनीनेही गाडीचा प्रकार पाहिला तर नवल नाही.

'ऑफ-रोड' या शब्दाची व्याख्याही पाहून घ्यावी. खडीचा आखून दिलेला कच्चा रस्ता, कोरड्या वादीचे पात्र, समुद्राची पुळण आणि वाळूच्या टेकड्या या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी पॉलिसी पहिल्या गोष्टीला हो म्हणते आणि चौथीला नाही. टेकड्यांवरून गाडी उडवत नेण्याला इकडे ड्यून बॅशिंग म्हणतात. त्याचा उल्लेख बहुधा शर्यती आणि स्पर्धांच्या शेजारी, अपवादांच्या यादीत सापडतो.

अपवाद : वाचायचे ते इथे

अपवादांच्या यादीत वारंवार दिसणाऱ्या आणि वाळूत-डोंगरात हमखास आडव्या येणाऱ्या बाबी अशा :

टायर. वाळूत शिरताना आपण टायरमधली हवा कमी करतो. पस्तीसवरून पंधरा-अठरावर आणतो. मग जोरात वळण घेतले की टायर रिमवरून निसटतो. गाडीला दुसरी काही इजा नसताना एकट्या टायरचे नुकसान झाले तर ते सहसा दिले जात नाही.

यांत्रिक बिघाड. तासभर वाळूत झगडून क्लच जळाला किंवा गिअरबॉक्स तापून बंद पडला, तर तो अपघात धरला जात नाही. ती झीज किंवा बिघाड ठरते.

गाडीत केलेले बदल. गाडी उंच केली, मोठे टायर बसवले, पुढे विंच लावली, छपरावर लोखंडी रॅक चढवला, आणि कंपनीला कळवले नाही, तर दोन अडचणी येतात. त्या वस्तूंची भरपाई मिळत नाही हे एक. दुसरे असे की उंची वाढल्याने गाडी उलटण्याचा धोका वाढतो, आणि तो लपवल्याचे कारण देऊन कंपनी मूळ दाव्यावरच बोट ठेवू शकते. केलेला प्रत्येक बदल लेखी कळवावा आणि पॉलिसीत नोंदवून घ्यावा.

चालक. इथे राहणाऱ्या माणसाला ओमानी परवाना हवा. सुट्टीवर आलेला मेहुणा किंवा कॉलेजातला भाचा 'जरा वाळूत चालवून बघतो' म्हणतो. मोकळे वाळवंट आहे, पोलीस दिसत नाहीत, म्हणून आपणही किल्ली देतो. पण परवान्याची अट वाळवंटातही लागू असते. शिवाय तरुण किंवा नव्या चालकासाठी 'एक्सेस', म्हणजे दाव्यातील आपल्या पदरचा वाटा, अनेकदा जास्त असतो.

रिकव्हरी. गाडी फसली आणि तिला काहीच इजा नाही, तर ती बाहेर काढण्याचा खर्च नुकसान या शब्दात बसत नाही. रस्त्यावरची मोफत मदत देणारी सेवाही बहुधा डांबराच्या कडेपर्यंतच येते. ऑफ-रोड रिकव्हरी आहे का, किती रियालपर्यंत आणि वर्षातून किती वेळा, हे विचारावे.

पाणी, वादी आणि इंजिन

खाबुऱ्याच्या माणसाला पाण्याबद्दल वेगळे सांगायला नको. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी शाहीन चक्रीवादळ बातिना किनाऱ्यावर धडकले आणि खाबुरा व सुवैक या विलायतांना त्याचा सर्वांत मोठा तडाखा बसला. खाबुऱ्यात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. एरवी वर्षभरातही इथे त्याच्या जवळपास पाऊस पडत नाही. घरांपुढे उभ्या असलेल्या गाड्या चिखलात रुतल्या. अशा वेळी थर्ड पार्टी विम्यातून स्वतःच्या गाडीसाठी काही मिळत नाही. फुल इन्शुरन्समध्येही पूर, वादळ, नैसर्गिक आपत्ती हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत की नाहीत, ते पाहावे. नसतील तर ते घालून घ्यावेत. बातिन्यात राहणाऱ्याने इथे काटकसर करू नये.

पुराचा दुसरा धडा आपल्याला मुंबईने दिला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्यात बुडाल्या. विमा कंपन्यांचा मुद्दा असा असतो : पाणी गाडीत शिरले हे पुराचे नुकसान, पण पाण्यात बंद पडलेली गाडी मालकाने पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिन फुटले, तर ते पुराचे नव्हे, मालकाच्या कृतीचे नुकसान. यामागचे यंत्रशास्त्र सोपे आहे. इंजिनाचा दट्ट्या हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किल्ली फिरवली की दट्ट्याचा दांडा वाकतो किंवा मोडतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नये. ती ओढून गॅरेजात न्यावी. भारतात आता इंजिन संरक्षणाचे वेगळे जोड-कलम मिळते. इथेही तशी सोय आहे का, हे कंपनीला विचारावे.

वाहत्या वादीत गाडी घालणे ही मात्र विम्याच्या पलीकडची गोष्ट आहे. ओमानच्या वाहतूक कायद्यात वाहती वादी ओलांडून जीव धोक्यात घालणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी कैद व दंड अशी तरतूद आहे. कंपनी अशा दाव्याकडे कसे पाहील हे सांगायला नको. आणि दावा मिळाला तरी काय? १४ एप्रिल २०२४ रोजी मुदैबी विलायतीतील समद अल शान येथे शाळकरी मुलांना नेणारे वाहन पुरात सापडले आणि कोवळी मुले दगावली. डोंगरात पडलेला पाऊस आपल्याला खाली दिसत नाही. डोक्यावर निळे आकाश असतानाही वादीला पाणी येते. 'समोरची लँड क्रूझर गेली, आपणही जाऊ' हा हिशोब त्या क्षणी सोडून द्यावा आणि काठावर थांबावे. पाणी काही तासांत उतरते.

क्वाड बाईक, बग्गी आणि मुले

चार जाड टायरांची क्वाड बाईक आणि पाइपांच्या सांगाड्याची बग्गी ही रस्त्यावर चालवायची वाहने नाहीत. ती पिकअपवर किंवा ट्रेलरवर घालून वाळूपर्यंत न्यायची असतात. त्यामुळे आपल्या गाडीची पॉलिसी त्यांना आपोआप लागू होईल असे समजू नये. स्वतःची क्वाड घेतली असेल तर तिच्यासाठी तीन गोष्टी स्वतंत्र मागाव्यात : दुसऱ्याला इजा झाल्यास दायित्वाचा विमा, चोरीचा विमा आणि चालवणाऱ्याचा वैयक्तिक अपघात विमा. चोरीच्या कलमात ती कुलूपबंद जागेत ठेवण्याची अट असू शकते. घरासमोर मोकळ्या जागेत ताडपत्री टाकून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आणि ती ट्रेलरवर असताना कोणाच्या विम्यात येते, हेही विचारून घ्यावे.

आपल्यापैकी बहुतेकजण मात्र क्वाड अर्ध्या तासासाठी भाड्याने घेतात. तिथे एका कागदावर सही घेतली जाते. त्या कागदात सहसा असे असते की इजेची जबाबदारी चालवणाऱ्याची आणि क्वाडची मोडतोड झाली तर खर्चही त्याचाच. सही करण्यापूर्वी विचारा : तुमचा विमा आहे का? त्याची प्रत दाखवता का? उत्तर हसण्यावारी नेले गेले, तर तिथून निघणे शहाणपणाचे.

मुलांबाबत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. सोळा वर्षांखालील मुलांनी क्वाड चालवू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना अनेक वर्षे सांगत आली आहे. क्वाडचे वजन शेकडो किलो असते. ती उलटते तेव्हा चालवणाऱ्याच्या अंगावर येते. बापाच्या पुढ्यात बसवलेले सहा वर्षांचे मूल फोटोत गोड दिसते, पण एकासाठी बनवलेल्या वाहनावर दोघे बसले की तोल बिघडतो. हेल्मेट न घेता क्वाडवर बसू नये, मग ती फेरी पाच मिनिटांची का असेना.

गाडीतल्या मागच्या सीटचीही काळजी घ्यावी. टेकडीच्या माथ्यावरून गाडी आपटून खाली आली की धक्का थेट कण्याला बसतो. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर माणसाचा मणका अशा एकाच आदळण्याने दबू शकतो. गर्भवती स्त्रिया, पाठीचे दुखणे असलेले आणि आपले आई-वडील यांना कॅम्पवर चहा पीत सूर्यास्त पाहू द्यावा.

माणसांचा विमा

आता सर्वांत महत्त्वाचे. थर्ड पार्टी म्हणजे तिसरा माणूस. चालक आणि त्याचे कुटुंब त्यात आहे असे गृहीत धरू नये. 'चालक व कुटुंबीयांचा वैयक्तिक अपघात' असे कलम पॉलिसीत आहे का, त्यात किती माणसे येतात आणि माणशी किती रक्कम, हे पाहावे. हे कलम ऑफ-रोडच्या वेळीही चालते का, हाही प्रश्न त्याच ओळीत विचारावा.

नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्य विम्याचे पुस्तक काढून त्यात धोकादायक खेळ, मोटार क्रीडा, साहसी खेळ असे शब्द शोधावेत. तिथे वाळूतली सहल बसते का, हे आपल्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्यावे. कामावरच्या दुखापतीसाठी जी तरतूद असते, ती शुक्रवारच्या सहलीला लागू होत नाही. भारतातून आलेल्या पाहुण्यांचा प्रवासी विमाही असाच तपासावा; आपल्या कंपनीचा आरोग्य विमा पाहुण्यांना लागू नसतो. आणि ज्यांनी भारतात मुदतीचा आयुर्विमा घेतला आहे, त्यांनी प्रस्तावाच्या अर्जात साहसी छंदांच्या प्रश्नाला काय उत्तर दिले होते, ते एकदा पाहावे. दर पंधरवड्याला वाळूत जाणाऱ्याने तिथे 'नाही' लिहिलेले असेल, तर कंपनीला कळवून नोंद करून घ्यावी.

दुसऱ्याची गाडी, दुसरा देश

भाड्याच्या गाडीचा करार वेगळा असतो. शोरूमसारखी चकाचक फोर बाय फोर हाती दिली, याचा अर्थ ती वाळूत न्यायची परवानगी दिली असा होत नाही. अनेक करारांत डांबर सोडले की विमा संपतो असे स्पष्ट लिहिलेले असते आणि वाळूचे कण गाडीच्या खालच्या भागात पुरावा म्हणून शिल्लक राहतात. कंपनीच्या गाडीबाबतही खाजगी वापराची आणि ऑफ-रोडची परवानगी मालकाकडून लेखी घ्यावी.

सोहारवरून सरळ पुढे गेले की अमिरातीची हद्द लागते, म्हणून कित्येकजण गाडीनेच दुबईला किंवा हत्ताला जातात. अरब देशांच्या १९७५ सालच्या ट्युनिस करारातून आलेले ऑरेंज कार्ड त्यासाठी असते. पण ऑरेंज कार्ड हे तिथल्या थर्ड पार्टीसाठी आहे. आपल्या गाडीचे तिथे झालेले नुकसान हवे असेल, तर मूळ पॉलिसीच्या भौगोलिक हद्दीत अमिरातीचे नाव हवे. ओमानसाठी ऑफ-रोड आहे म्हणजे अमिरातीच्या वाळूतही आहे, असेही नाही.

थोडी आकडेमोड

पुढचे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत; आपापल्या कोटेशनचे आकडे त्या जागी घालावेत.

समजा, गाडीची किंमत ८,००० रियाल. 'क' पॉलिसीचा हप्ता २४० रियाल, एक्सेस ५० आणि ऑफ-रोड नाही. 'ख' पॉलिसीचा हप्ता २९० रियाल, ऑफ-रोड आहे, पण त्या वेळचा एक्सेस २००. फरक वर्षाला ५० रियालचा.

वाळूत १,२०० रियालचे नुकसान झाले, तर 'क' मध्ये सगळे १,२०० आपले. 'ख' मध्ये आपले २०० आणि कंपनीचे १,०००. म्हणजे ५० रियाल जादा देऊन १,००० वाचले. १,००० भागिले ५० म्हणजे २०. वीस वर्षांत असा एक प्रसंग येईल असे वाटत असेल तर हिशोब जेमतेम बरोबरीत सुटतो. दर महिन्याला वाळूत जाणाऱ्याने 'ख' घ्यावी हे उघड आहे. वर्षातून एकदाच, तेही पाहुण्यांबरोबर जाणाऱ्याने 'क' ठेवून वाळवंटातल्या कॅम्पचीच गाडी आणि चालक घ्यावा. ते स्वस्त पडेल आणि वाळू ओळखणारा माणूस चाकामागे असेल.

पण ८,००० रियालची गाडी उलटून पूर्ण गेली तर? बँकेचे कर्ज अजून फिटायचे असेल, तर हे नुकसान पेलणारे नाही. तेव्हा वीस वर्षांचा हिशोब बाजूला ठेवून ऑफ-रोड घ्यावा. एक्सेस जास्त असला तरी चालेल, कारण लहान नुकसान आपण सोसू शकतो. एक्सेस वाढवून हप्त्यात जे काही रियाल वाचतील, ते कुटुंबाच्या अपघात विम्याकडे वळवावेत.

लेखी विचारायचे दहा प्रश्न

माझ्या पॉलिसीच्या नूतनीकरणापूर्वी मी हे प्रश्न तीन ठिकाणी ई-मेलने पाठवले होते. एका ठिकाणाहून कलमांच्या क्रमांकासह उत्तर आले, दुसरीकडून नुसते माहितीपत्रक आले आणि तिसऱ्याने फोनवर सांगितले, "सब कव्हर है सर." निवड करायला मला तेवढे पुरले.

१. डांबर सोडल्यावर माझ्या गाडीचे नुकसान भरून मिळते का? कोणत्या कलमाखाली?
२. खडीचा रस्ता, कोरडी वादी, पुळण आणि वाळूच्या टेकड्या यांपैकी काय वगळले आहे?
३. ऑफ-रोड दाव्याचा एक्सेस किती? नव्या वा तरुण चालकासाठी किती?
४. चालक आणि कुटुंबीयांचा वैयक्तिक अपघात विमा किती, आणि तो ऑफ-रोड चालतो का?
५. पूर, वादळ आणि इंजिनात शिरलेले पाणी यांबाबत काय लिहिले आहे?
६. रिकव्हरी कुठपर्यंत येते, आणि किती रकमेपर्यंत?
७. गाडीत केलेले बदल नोंदवले आहेत का?
८. सुट्या भागांवर घसारा किती कापला जातो? एजन्सी रिपेअर किती वर्षांपर्यंत?
९. अमिरातीत स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि ऑफ-रोड, दोन्ही आहेत का?
१०. गाडी पूर्ण गेली तर रक्कम कशी ठरते : पॉलिसीतील किमतीवर की त्या दिवशीच्या बाजारभावावर?

उत्तर लेखीच घ्यावे. मतभेद झाला तर इथल्या न्यायालयाची भाषा अरबी आहे. म्हणून महत्त्वाचे कलम अरबीत काय म्हणते, ते एखाद्या जाणत्या सहकाऱ्याकडून वाचून घेणे चांगले.

अपघात झालाच तर

आधी माणसे बाहेर काढावीत आणि सावलीत न्यावीत. पोलिसांचा तातडीचा क्रमांक ९९९९. वाळवंटात फोनची रेंज सगळीकडे नसते, म्हणून निघतानाच घरी एका माणसाला मार्ग आणि परतायची वेळ सांगून ठेवावी, आणि शक्यतो दोन गाड्यांनी जावे. गाडी जागेवर असतानाच फोटो घ्यावेत आणि फोनमधून ठिकाण नोंदवून ठेवावे. पोलिसांच्या कागदाशिवाय दावा पुढे सरकत नाही. तो हाती येईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नये. कंपनीला त्याच दिवशी कळवावे. 'अपघात डांबरावर झाला असे सांगू या' हा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये. खोटी माहिती दिली की मिळणारा दावाही जातो, आणि वर गुन्हा होतो.

दावा अन्यायाने नाकारला असे वाटले, तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. समाधान झाले नाही तर विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या वित्तीय सेवा प्राधिकरणाकडे जावे. २०२४ सालापर्यंत हे काम कॅपिटल मार्केट अथॉरिटीकडे होते. जुन्या पॉलिसींवर तेच नाव दिसेल.

मुल्कियाची तारीख जवळ आली की आपण घाईघाईने गेल्या वर्षीचीच पॉलिसी पुढे चालवतो. यंदा तारखेच्या महिनाभर आधी वरचे दहा प्रश्न पाठवावेत आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी वाचावे. आलेली उत्तरे मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. चार कुटुंबांनी एकत्र बसून कागद वाचले की एकाच्या नजरेतून सुटलेली ओळ दुसऱ्याला सापडते. थंडीचे दिवस थोडेच असतात. सहली जरूर काढा, आणि सगळे सुखरूप परत या.